जडसनसाहेबांचे अंधाराचे दिवस

ब्रह्मदेशांतील मिशनरी ॲडोनायरम जडसन यांचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. त्यांच्या तुरुंगवासाची गोष्ट शब्बाथ शाळेंतून मुलांस सांगतात. पायांतील बेड्या, उशींत लपविलेलें शास्त्र, अन्न घेऊन तुरुंगाच्या दाराशीं येणारी त्यांची पत्नी, हें सर्व ऐकतांना मुलें डोळे विस्फारून बसतात. परंतु साहेब तुरुंगांतून सुटले, येथें ती गोष्ट बहुधा संपविली जाते. आमच्या मतें सांगण्याजोगी गोष्ट तेथूनच पुढें सुरू होते. जो मनुष्य कैदेंत खचला नाहीं तो सुटका झाल्यावर खचला, इतका कीं रानांत झोंपडी बांधून, स्वतःसाठीं थडगें खणून, त्याच्या कांठावर बसून राहूं लागला. हा भाग सांगावयास कित्येकांस संकोच वाटतो. आम्हांस वाटत नाहीं. पावसानें दगा दिला, तापानें घरांतलें लेंकरूं गेलें, सावकार दाराशीं बसला, आणि प्रार्थना करूनही मनावरील ओझें उतरेना, म्हणजे आमच्या खेड्यांतील किती तरी बंधुभगिनी असें समजूं लागतात कीं, आपला विश्वासच खोटा होता. उपदेशकाची स्थिति तर याहून अवघड. दिवसां दुसऱ्यांस धीर द्यावयाचा आणि रात्रीं आपण जागत पडावयाचें. अशा वाचकांसाठीं जडसनसाहेबांचें चरित्र आज येथें देत आहों.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १७८८ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत माल्डन गांवीं झाला. वडील मंडळीचे पाळक होते. मुलगा इतका तैलबुद्धीचा कीं, वडील परगांवीं गेले असतां आईनें त्यास तिसऱ्या वर्षींच वाचावयास शिकविलें. मुलानें मोठें नांव काढावें अशी वडिलांस फार हौस, आणि मुलासही तीच हांव. ब्राउन येथील कॉलेजांतून १८०७ सालीं तो पहिल्या क्रमांकानें बाहेर पडला. परंतु तेथें जेकब ईम्स नांवाच्या एका हुशार मित्राच्या संगतीनें त्याचा विश्वास उडाला. देव असेल, पण त्यानें शास्त्राच्या द्वारें मनुष्यास कांहीं कळविलें नाहीं, असें ईम्स मानी, आणि जडसनही तसेंच मानूं लागला. घरीं आईबापांस हें सांगून, आईला रडत टाकून, तो देश पाहावयास निघाला.

एके रात्रीं तो वाटेवरील एका खाणावळींत उतरला. मालकानें सांगितलें कीं, शेजारच्या खोलींत एक तरुण मरणासन्न आहे, तेव्हां रात्रीं आवाज येतील. ते आलेच. कण्हणें, लोकांची ये-जा, दबक्या आवाजांतील बोलणें. जडसनला झोंप लागेना. हा तरुण मरावयास तयार असेल काय, असा विचार त्याच्या मनांत येई. आणि लगेच, ईम्सला हें कळलें तर तो किती हंसेल, असें वाटून त्यास स्वतःची लाज वाटे. सकाळीं त्यानें मालकास विचारलें, तेव्हां कळलें कीं तो रोगी मरण पावला. त्याचें नांव विचारलें. तें जेकब ईम्स होतें. पुढें कित्येक तास आपण काय केलें हें जडसनला आठवेना. तो तेथूनच घरीं परतला, ॲन्डोव्हरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत दाखल झाला, आणि १८०८ च्या डिसेंबरांत त्यानें आपणास प्रभूच्या स्वाधीन केलें.

आतां आमच्या महाराष्ट्राशीं जो संबंध आहे तो सांगितला पाहिजे. ॲन्डोव्हरच्या तरुणांनीं विनंती केल्यावरून १८१० सालीं अमेरिकन बोर्ड स्थापन झालें. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम शहरीं पांच तरुणांवर हात ठेवण्यांत आले. जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि लूथर राइस हे ते पांच. यांतील हॉल व नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस पोंचले व न्यूएलसाहेब पुढच्या वर्षीं त्यांस येऊन मिळाले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती हीच. जडसनसाहेबांचा मार्ग निराळा झाला. समुद्रावर शास्त्र वाचतां वाचतां बाप्तिस्म्याविषयीं त्यांचें मत पालटलें, आणि कलकत्त्यास आल्यावर त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें बाप्टिस्ट बंधूंकडून बुडवून बाप्तिस्मा घेतला. त्या मतभेदांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांस हिंदुस्थानांत राहूं दिलें नाहीं. मॉरिशस बेटावर जावें लागलें, तेथून मद्रासेस, आणि तेथूनही घालवून देतील या भीतीनें जें पहिलें गलबत मिळालें त्यांत बसून ते १३ जुलै १८१३ रोजीं रंगून बंदरास लागले. या शहरास आतां यांगून व त्या देशास म्यानमार म्हणतात.

त्यांच्या पत्नी ॲनबाई या लग्नापूर्वीं शाळेंत शिकवीत असत. लग्न होऊन चवदा दिवस होतात न होतात तोंच त्यांनीं आईबापांचा निरोप घेऊन गलबतावर पाऊल ठेविलें होतें. रंगूनच्या वाटेवर त्यांचें पहिलें मूल मृत जन्मलें. दुसरा मुलगा रॉजर १८१५ सालीं जन्मला व आठ महिन्यांचा होऊन वारला. भाषा कठीण, राजा परधर्मी प्रजेवर कडक नजर ठेवणारा, आणि ऐकावयास कोणी नाहीं. साहेबांनीं वाटसरूंच्या धर्मशाळेसारखी एक उघडी पडवी रस्त्याच्या कडेस बांधिली व तेथें बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलूं लागले. २७ जून १८१९ रोजीं मौंग नाउ नांवाच्या पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा बाप्तिस्मा झाला. पोंचल्यापासून तोंवर सहा वर्षें झालीं होतीं. ज्या उपदेशकांस एका गांवीं दोन वर्षें फळावांचून काढावीं लागलीं म्हणजे बदलीचा अर्ज लिहावासा वाटतो त्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

१८२३ त नव्या कराराचें ब्रह्मी भाषांतर पुरें झालें, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभीं साहेब व बाई राजधानी आवा येथें राहावयास गेलीं. त्याच वर्षीं इंग्रज व ब्रह्मी राजा यांच्यामध्यें युद्ध पेटलें. गोरा मनुष्य म्हणजे हेर, असा दरबाराचा समज झाला. ८ जून १८२४ रोजीं साहेब जेवावयास बसत होते, तोंच शिपाई आले. बरोबर तोंडावर डाग असलेला एक मारेकरी होता. त्यानें साहेबांस जमिनीवर पाडून दोरीनें दंड आंवळले व ओढीत नेलें.

ज्या तुरुंगांत त्यांस टाकलें त्यास मृत्यूचा तुरुंग म्हणत. खिडकी नाहीं, पन्नासांहून अधिक कैदी, आणि उन्हाळ्यांतील दुर्गंधि. पायांत तीन जोड बेड्या, पुढें पांच. रात्रीं सर्वांच्या पायांमधून एक लांब बांबू ओंवून तो वर उचलीत, म्हणजे खांदे व डोकें एवढेंच जमिनीस टेके. दुपारीं तीन वाजले म्हणजे सर्व कैदी गप्प होत. ज्यांना मारावयाचें त्यांना नेण्याची ती वेळ असे.

ॲनबाई त्या वेळीं गरोदर होत्या. घरापासून तुरुंग सुमारें दोन मैल. अन्न नेणें, पहारेकऱ्यांस कांहीं देऊन एखादी सवलत मिळविणें, या अधिकाऱ्याच्या दारीं, त्या सरदाराच्या बायकोच्या दारीं विनवण्या करणें, हा त्यांचा रोजचा क्रम. भाषांतराच्या हस्तलिखिताची कोणती प्रत सुरक्षित आहे, हें साहेबांनीं पहिल्याच भेटींत विचारलें. बाईंनीं तें घरामागें पुरून ठेविलें होतें, पण पावसानें तें कुजलें असतें. म्हणून त्यांनीं तें एका उशींत शिवलें, आणि ती उशी मुद्दाम इतकी कठीण व ओबडधोबड केली कीं, चोरालाही तिचा मोह होऊं नये. त्या उशीवर डोकें ठेवून साहेब निजत. एकदां एका पहारेकऱ्यानें ती काढून घेतली, तेव्हां बाईंनीं त्यास तिच्या बदल्यांत चांगली मऊ उशी दिली, आणि हा परदेशी मनुष्य कसा वेडा, असें मनांत म्हणत त्यानें ती परत केली. पुढें १८२५ च्या मे महिन्यांत कैद्यांस एकाएकीं दुसरीकडे हलविण्यांत आलें. त्या गडबडींत शिपायांनीं उशीवरची चटई तेवढी घेतली आणि आंतील कठीण गाठोडें निरुपयोगी म्हणून फेंकून दिलें. मौंग इंग नांवाच्या ब्रह्मी विश्वासी बंधूस तें सांपडलें. गुरूंची आठवण म्हणून त्यानें तें घरीं नेलें. आंत काय आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. कित्येक महिन्यांनीं तें उघडून पाहतात तों एकही पान खराब झालें नव्हतें.

त्या मे महिन्यांतील प्रवासांत साहेबांस अनवाणी, तापलेल्या वाळूवरून, दोन दोन कैदी एका दोरीस बांधून हांकलीत नेलें. तळव्यांची कातडी निघाली. एक कैदी वाटेंतच मेला. ज्या औंगपेनले गांवीं नेलें तेथें आपणांस जिवंत जाळणार, असें कैद्यांस वाटत होतें. ॲनबाई तीन महिन्यांची तान्ही मारिया कडेवर घेऊन मागोमाग गेल्या. तेथें सांभाळलेल्या एका ब्रह्मी मुलीस देवी आल्या, आणि मग बाईच तापानें अंथरुणास खिळल्या. अंगावर दूध राहिलें नाहीं. तेव्हां पहारेकऱ्यांस कांहीं देऊन साहेब थोडा वेळ बाहेर पडत, आणि बेड्या घातलेल्या पायांनीं घरोघर फिरून, ज्या आयांच्या मांडीवर मुलें असत त्यांच्यापाशीं मारियेसाठीं घोटभर दूध मागत. त्या आया बौद्ध होत्या. त्यांनीं तें दिलें.

या सर्व काळांत साहेबांनीं आशा सोडल्याचें दिसत नाहीं. त्यांचा देह झिजला, तापानें ते मरणाच्या दाराशीं पोंचले, सिंहाच्या रिकाम्या पिंजऱ्यांतही त्यांस ठेवण्यांत आलें (तो बिचारा सिंह तुरुंगाच्या अंगणांत उपासमारीनें मेला होता), तरी मन जागेवर होतें. शेवटीं ब्रह्मी सरकारास तहासाठीं दुभाष्याची गरज लागली म्हणून त्यांस तुरुंगाबाहेर काढण्यांत आलें. यांदाबो येथें २४ फेब्रुवारी १८२६ रोजीं तह झाला. मार्च महिन्यांत पत्नी व मूल यांसह इरावती नदींतून नावेनें ते चांदण्यांत खालीं येऊं लागले. त्या रात्रींच्या सुखाचें वर्णन साहेब म्हातारपणापर्यंत करीत असत.

तें सुख कांहीं महिनेच टिकलें. इंग्रजांनीं घेतलेल्या किनाऱ्यावर ॲम्हर्स्ट नांवाचें नवें गांव वसत होतें. तेथें बाईंस ठेवून साहेब इंग्रज वकिलाबरोबर दुभाषे म्हणून पुन्हां आव्यास गेले. धर्माची मोकळीक मिळावी असें एक कलम करारांत घालतां येईल, या आशेनें त्यांनीं हें काम पत्करलें होतें. कलम मिळालें नाहीं. नोव्हेंबरांत काळ्या लाखेची मोहर असलेलें एक पत्र त्यांच्या हातीं देण्यांत आलें. देणारानें सांगितलें कीं, आपलें मूल गेलें असें दिसतें. साहेब पत्र घेऊन खोलींत गेले. मारिया फार दिवस आजारीच होती, निदान ॲन तरी आहे, असें मनाशीं म्हणत त्यांनीं पत्र उघडलें. आंत पत्नीच्या मृत्यूची बातमी होती. ॲनबाई २४ ऑक्टोबर १८२६ रोजीं तापानें वारल्या होत्या. वय ३६. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें, त्यांच्याबरोबर दीक्षा घेतलेले आमचे गॉर्डन हॉल हे नाशिकच्या फेरीवरून परततांना एका खेड्यांतील देवळाच्या ओसरीवर पटकीनें वारले होते.

जानेवारींत साहेब ॲम्हर्स्टला परतले. मारिया वेडबाई नांवाच्या मिशनरीणीच्या हातीं होती. लेंकरूं बापास ओळखेना. २४ एप्रिल १८२७ रोजीं, दोन वर्षें तीन महिन्यांची होऊन, तीही गेली व तिला आईच्या शेजारीं पुरण्यांत आलें. थोड्याच दिवसांनीं अमेरिकेहून वडील वारल्याचें पत्र आलें.

आतां वाचकांस वाटेल कीं, येवढा मोठा भक्त हें दुःख गाणीं गात सोसूं शकला असेल. तसें झालें नाहीं. प्रथम कांहीं महिने साहेब कामांत गुंतले. मिशन मौलमेन शहरीं आलें, शाळा निघाल्या, वेडसाहेब व बोर्डमनसाहेब मदतीस होते. पण आंतून कांहीं तरी पोखरत होतें. आपण बाईंस एकटें सोडून आव्यास कां गेलों, हा प्रश्न त्यांस सोडीना. आणखी पुढें त्यांच्या मनानें असें घेतलें कीं, आपण ब्रह्मदेशांत आलों तेंच मुळीं मोठेपणाच्या हांवेनें, ख्रिस्ताच्या प्रीतीनें नव्हे. लहानपणीं वडिलांनीं पेरलेली ती नांव काढण्याची हौस त्यांस आतां साप चावल्यासारखी आठवूं लागली. मग त्यांनीं ती मुळापासून उपटावयाचें ठरविलें. विद्यापीठानें दिलेली सन्मानाची पदवी त्यांनीं परत केली. सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रशंसेचीं पत्रें जाळलीं. बहिणीस लिहिलें कीं, माझीं जुनीं पत्रें नष्ट करा. सुमारें सहा हजार डॉलरची स्वतःची पुंजी मिशनला देऊन टाकली, आणि पगारांतही कपात मागून घेतली. यांतील कांहीं गोष्टी चांगल्याच होत्या. पण त्या ज्या मनःस्थितींत केल्या ती चांगली नव्हती.

२४ ऑक्टोबर १८२८, म्हणजे पत्नीच्या मृत्यूस दोन वर्षें झालीं त्या दिवशीं, साहेब मिशनचें घर सोडून रानाच्या कडेस बांबूच्या झोंपडींत एकटे राहावयास गेले. लोकांत मिसळणें त्यांनीं जवळजवळ सोडलें. झोंपडीजवळ थडगें खणविलें होतें. त्याच्या कांठावर बसून ते मरणाचें व देह कुजण्याचें चिंतन करीत. याहून पुढें, वाघांचा वावर असलेल्या दाट रानांत एकदां चाळीस दिवस ते एकटेच दिवसभर बसून होते. थोडासा भात खात, शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत. वैराग्य म्हणजे काय हें आमच्या लोकांस सांगावयास नको. देह कष्टविला कीं मन शुद्ध होतें व देव भेटतो, या समजुतींत आमचे किती तरी पूर्वज तीर्थक्षेत्रें व डोंगर धुंडाळीत फिरले. गोऱ्या मिशनऱ्यानेंही, शास्त्र हातीं असतां, तोच मार्ग धरावा हें पाहून आश्चर्य वाटतें, आणि थोडा दिलासाही वाटतो. मनुष्याचें मन सर्वत्र एकच.

त्या मार्गानें त्यांस देव भेटला नाहीं. बाईंस जाऊन तीन वर्षें झालीं त्या दिवशीं त्यांनीं एका पत्रांत लिहून ठेविलें कीं, देव मला केवळ एक महान् अज्ञात होऊन राहिला आहे. मी त्यावर विश्वास ठेवितों, पण तो मला सांपडत नाहीं. या वाक्याचे दोन्ही भाग नीट पाहावे. सांपडत नाहीं हें तर खरेंच लिहिलें, पण विश्वास ठेवितों हेंही खोडलें नाहीं. प्रार्थना कोरडी लागत होती तरी ती सोडली नाहीं, आणि भाषांतराचें कामही मुळींच टाकलें नाहीं. आज एखादा समंजस वैद्य हें सर्व ऐकेल तर म्हणेल कीं, तुरुंगानें मोडलेल्या देहाला आणि एकावर एक आलेल्या तीन मृत्यूंना मन अशीच किंमत देतें, यांत पापाचा प्रश्न नाहीं. आमचेंही मत तसेंच आहे. साहेबांस मात्र तें तेव्हां कोणी सांगितलें नाहीं.

या काळांतील एक गोष्ट आम्हांस फार प्रिय आहे. रानांत साहेब ज्या जागीं जाऊन बसत तेथें एके दिवशीं त्यांस बांबूचें एक बांक केलेलें आढळलें, आणि वर उन्हापासून निवारा म्हणून फांद्या एकमेकींत गुंफलेल्या. तें कोणीं केलें हें त्यांस समजलें नाहीं. मंडळीतील एका ब्रह्मी बंधूनें, गुरु रोज वाघांच्या रानांत जातात हें पाहून, त्यांच्या पावलांच्या मागावर जाऊन, तें गुपचूप करून ठेविलें होतें. तो त्यांच्या ध्यानांत व्यत्यय आणावयास गेला नाहीं. उपदेश करावयास गेला नाहीं. गुरूंस बसावयास जागा नाहीं येवढें त्याच्या लक्षांत आलें.

मग अंधार कसा गेला? चरित्र वाचून तो अमुक दिवशीं गेला असें सांगतां येत नाहीं. दर्शन झालें नाहीं, स्वप्न पडलें नाहीं. पहांट होतांना जसें दिसेनासें दिसूं लागतें तसेंच झालें. तरी दोनतीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे भावाचें पत्र. एल्नाथन नांवाचा त्यांचा धाकटा भाऊ वैद्य होता व ख्रिस्ताविषयीं उदासीन होता. १८१२ त निरोपाच्या प्रवासांत दोघे भाऊ घोड्यांवरून जात असतां वाटेंत उतरून, झाडींत गुडघे टेंकून, साहेबांनीं त्याच्यासाठीं प्रार्थना केली होती. सतरा वर्षें त्या प्रार्थनेचें कांहीं झालेलें दिसलें नव्हतें. १८२९ च्या मे महिन्यांत एल्नाथन वॉशिंग्टन शहरीं वारला, आणि मरण्यापूर्वीं तो प्रभूवर विसांवला अशी बातमी साहेबांस पोंचली. ज्यानें आपलें ऐकणेंच सोडलें असें वाटत होतें त्यानें हें सतरा वर्षांपूर्वींचें मागणें धरून ठेविलें होतें.

दुसरी गोष्ट कॅरेन लोकांची. डोंगराळ भागांत राहणारे हे लोक ब्रह्मी सरदारांच्या जुलमानें गांजलेले होते. को था ब्यू नांवाचा एक कॅरेन मनुष्य, पूर्वीं दरोडेखोर व पुष्कळ मनुष्यांचा खुनी, कर्जापायीं गुलाम होऊन पडला होता. त्याचें कर्ज फेडून त्यास मिशनमध्यें आणलें होतें आणि साहेबांनीं त्यास शिकविलें होतें. १६ मे १८२८ रोजीं, म्हणजे इकडे साहेब अंधारांत शिरत होते त्याच वर्षीं, टॅव्हॉय येथें बोर्डमनसाहेबांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. तो डोंगरोडोंगरीं फिरून आपल्या लोकांस सुवार्ता सांगूं लागला, आणि कॅरेन लोक थव्याथव्यांनीं येऊं लागले. साहेब झोंपडींत बसले होते म्हणून देवाचें काम बसून राहिलें नव्हतें.

तिसरी, व आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती, अशी कीं, साहेब उठून लोकांत गेले. १८३० च्या उन्हाळ्यांत ते रंगूनला व तेथून नदीनें वर प्रोम शहरीं गेले, व तेथें एका मोडक्या धर्मशाळेंत पुन्हां पूर्वींसारखे येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलत बसले. तीन महिन्यांवर तेथें राहिले. शेवटीं अधिकाऱ्यांच्या भीतीनें लोक येईनासे झाले आणि परतावें लागलें. फळ म्हणावें तर फारसें दिसलें नाहीं. पण पत्रांचा सूर पालटला. रंगूनला परतून माडीवरील एका खोलींत ते जुन्या कराराचें भाषांतर करीत बसले. १८३१ सालीं श्वेडगोन देवालयाची मोठी जत्रा भरली. तेव्हां साहेबांच्या दाराशीं लोकांची रीघ लागली. कोणी सयाम व चीन यांच्या सीमेवरून दोनतीन महिन्यांची वाट तुडवीत आले होते. सनातन देवाविषयींचें पुस्तक देणारा मनुष्य तो तूंच काय, असें ते विचारीत. आणखी कोणी आव्याच्याही उत्तरेकडून आले. त्यांनीं येशू ख्रिस्ताचें नांव थोडेंसें ऐकलें होतें आणि त्याविषयीं लिहिलेलें कांहीं तरी द्या म्हणत. मागणाऱ्यासच द्यावयाचें असा नियम असतां त्या जत्रेंत सुमारें दहा हजार पत्रकें गेलीं, आणि घरीं सहा हजारांच्या आसपास माणसें येऊन गेलीं असा साहेबांचा अंदाज होता. ज्यास देव सांपडत नव्हता त्याच्या दाराशीं, देव कोठें सांपडेल हें विचारीत, इतकीं माणसें उभीं होतीं. त्यांस उत्तर द्यावें लागलें. उत्तर देतां देतां साहेबांस स्वतःच्या मनाची नाडी तपासावयास सवड उरली नाहीं.

त्यानंतर सालवीन नदीच्या खोऱ्यांत, कॅरेन वस्त्यांतून, होडींतून व पायीं ते हिंडले. नदीवर बाप्तिस्मे दिले. ज्या रानांत एकटे बसले होते तसल्याच रानांतून आतां शिष्यांबरोबर जात होते. दररोज पंचवीस तीस ओव्या, असा नेम धरून भाषांतर चालू ठेविलें, आणि ३१ जानेवारी १८३४ रोजीं शेवटचें पान हातीं धरून त्यांनीं गुडघे टेंकले. संबंध शास्त्र ब्रह्मी भाषेंत झालें होतें. उशींतला तो नवा करार त्यापूर्वींच छापून निघाला होता. पुढें सहा वर्षें खपून त्यांनीं सर्व भाषांतर पुन्हां तपासलें. आजही म्यानमारमधील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जडसन यांचेंच शास्त्र पुष्कळ ठिकाणीं वाचतात.

दुःख संपलें असें मात्र नाहीं. बोर्डमनसाहेब १८३१ त क्षयानें वारले. त्यांची विधवा सारा हिच्याशीं साहेबांचा १८३४ सालीं विवाह झाला. अकरा वर्षांनीं अमेरिकेच्या वाटेवर, सेंट हेलेना बेटाशीं गलबत उभें असतां, तीही गेली. तिला सकाळीं मरण आलें, संध्याकाळीं बेटावर पुरलें, आणि त्याच रात्रीं तीन पोरक्या मुलांसह साहेबांस पुढें जावें लागलें. मुलांबरोबर ते खोलींत बसून रडले असें त्यांनींच लिहिलें आहे. पण या वेळीं झोंपडी नाहीं, थडगें नाहीं, स्वतःच्या हेतूंची ती उलटतपासणी नाहीं. तेहतीस वर्षांनीं ते मायदेशीं उतरले. घशाच्या विकारानें आवाज इतका बसला होता कीं, ते हळूच कुजबुजत व शेजारीं उभा असलेला दुसरा मनुष्य तें सभेस मोठ्यानें सांगे. तिसरी पत्नी एमिली हिला घेऊन १८४६ त ते परत ब्रह्मदेशास आले, आणि शब्दकोशाच्या कामाला लागले.

१८४९ च्या शेवटीं तापानें व पोटाच्या विकारानें त्यांस गांठलें. त्या दुखण्यांत ते एमिलीबाईंस सांगत कीं, मी कामास कंटाळलों नाहीं व जगासही कंटाळलों नाहीं, पण ख्रिस्त बोलावील तेव्हां शाळा सुटल्यावर मूल घराकडे धांवतें तसा मी जाईन. समुद्राच्या हवेनें बरें वाटेल म्हणून एप्रिल १८५० मध्यें त्यांस एका फ्रेंच गलबतावर चढविलें. बाई गरोदर असल्यानें मौलमेनलाच राहिल्या. १२ एप्रिल रोजीं दुपारीं साहेबांनीं प्राण सोडला. त्याच दिवशीं संध्याकाळीं बंगालच्या उपसागरांत त्यांचा देह सोडण्यांत आला. जवळ कोणी पाळक नव्हता, प्रार्थना झाली नाहीं. खलाशी निमूटपणें उभे होते. दहा दिवसांनीं मौलमेनला एमिलीबाईंस मुलगा झाला तो मृतच. पतीची बातमी त्यांस सुमारें चार महिन्यांनीं कळली, तोंवर त्या बंदरावर येणाऱ्या प्रत्येक गलबताची चौकशी करीत होत्या.